ताईची सातवी

१९६५ साल होतं आणि मी तेरा वर्षांचा होतो. तेरा हे आईच्या सांगण्यावरून. आमच्या मळ्यातली विहीर बांधून झाली त्याच महिन्यात मी जन्मलो, आणि विहिरीच्या काठच्या दगडावर साल कोरलेलं होतं, म्हणून माझं वय ते विहिरीचं वय. शाळेच्या दप्तरात माझी जन्मतारीख आहे म्हणतात, पण ती मास्तरांनी अंदाजाने टाकलेली. मी दगडावर विश्वास ठेवतो.

मळा मखमलाबादच्या अंगाला होता, नाशिक चालत तासाभरावर. चार एकर जमीन, दोन बैल, एक म्हैस आणि आम्ही चौघं: तात्या, आई, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी यमुनाताई आणि मी, किसन. तात्या म्हणजे माझे वडील. त्यांचे वडील, आजे, सगळे भाजीपाला नि फुलं पिकवून नाशिकच्या बाजारात विकत आले. तात्यांनी ते एका दिवसात बंद केलं. नवी वजनं नुकतीच आली होती तेव्हाची गोष्ट. काही व्यापारी माल जुन्या मापाने घेत आणि भाव नव्याने लावत, आणि मधला फरक कुठे जातो ते विचारलं की हसत. तात्यांनी विचारलं. त्यांतल्या एकाने चारचौघांत सांगितलं, "माळीबुवा, जग किलोत गेलं, तुम्ही बसा शेरात." तात्यांनी वांग्यांनी भरलेली गाडी तशीच फिरवली, घरी आणली आणि वांगी बैलांपुढे टाकली. बैलांनीसुद्धा निम्मी ठेवली. संध्याकाळी जेवताना तात्या म्हणाले, "आजपासून इकायचं नाय आणि इकत आणायचं नाय. आपुन पिकवू ते खाऊ, नाय पिकलं ते खायचं नाय." आईने भाकरी थापताना हात थांबवला आणि एवढंच विचारलं, "आन् मीठ?"

मीठवाला गाढवं घेऊन यायचा, त्याला बाजरी द्यायची नि मीठ घ्यायचं. ही अदलाबदल, विकत नव्हे, असं तात्यांनी ठरवलं. लोहार, कुंभार, तेली यांचंही तसंच, धान्यावर. बाकी सगळं घरचं. शाळेचं पुढे सहा महिन्यांनी झालं. तेव्हाचे मास्तर आमच्याकडून स्वतःच्या घरी पाणी भरून घेत आणि येताना मळ्यातली भाजी आणायला सांगत. एकदा मी गवारीच्या शेंगा विसरलो म्हणून मला उन्हात उभं केलं. तात्या शाळेत गेले, माझा एक हात धरला, ताईचा एक हात धरला आणि मास्तरांना म्हणाले, "पोरं शिकायला धाडली हुती, घरगडी म्हणून नाय. आता मीच शिकवीन." मी तिसरीत होतो, ताईची चौथी नुकतीच झाली होती. माझी शाळा तेवढीच. पुढे आयुष्यात कुणी विचारलं की मी तिसरी सांगतो, आणि कुणी हसलं तर त्याला औटकी, म्हणजे साडेतीनची पाढ्याची ओळ, म्हणायला लावतो. अजून एकालाही आलेली नाही.

त्या घरात काय नव्हतं ते सांगत बसलो तर लोकांना वाटेल आम्ही हाल काढले. हाल नव्हते. बाजरीची भाकरी होती, कुळथाचे शेंगोळे होते, चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत होतं, आणि आई त्यावर कच्चं तेल घालायची ते आमच्याच भुईमुगाचं, तेल्याच्या घाण्यावरून आलेलं, घरभर वास सुटायचा. चहा नव्हता. पाहुणा आला की गवती चहा उकळून द्यायचा, आणि पाहुणा पुन्हा लवकर यायचा नाही. साबण नव्हता, रिठे होते. दिव्याला करंजाचं तेल, त्याचा धूर डोळ्यांत जायचा. एका तुकड्यात कापूस लावायचा, तो आई नि ताई टकळीवर कातायच्या, आणि सूत कोष्ट्याला दिलं की तो आपला वाटा ठेवून कापड द्यायचा. ते कापड इतकं जाड की पहिल्या पावसाळ्यापर्यंत अंगावर उभं राहायचं. ताईला दोन वर्षांत एक लुगडं व्हायचं. तिने तक्रार केली नाही, पण नाशिकच्या रस्त्याने पातळ नेसलेली बाई गेली की ती हातातलं काम ठेवून वळणापर्यंत बघत राहायची.

आमची शाळा मोटेवर भरायची. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: विहिरीवर मोठं चाक, त्यावरून दोर, दोराच्या एका टोकाला कातड्याची मोट, दुसऱ्या टोकाला बैल. बैल उतारावरून खाली गेले की पाणी वर येतं, बैल मागे सरकले की मोट खाली जाते. चाक कुरकुरायचं, पाणी धबाक्कन पडायचं, आणि त्या चालीवर तात्या पाढे घ्यायचे. बैल खाली जाताना त्यांनी विचारायचं, मागे येईपर्यंत आम्ही उत्तर द्यायचं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. उत्तर चुकलं तर तात्या मारत नसत, बैल थांबवत. वाफ्यावर वाट पाहणारी आई ओरडायची, "पाणी का थांबलं?" आणि तात्या ओरडायचे, "तुझ्या पोराला इचार!" त्या लाजेपुढे छडी बरी. तात्या स्वतः जुन्या काळी सातवी झालेले. त्यांची सातवीपर्यंतची सगळी पुस्तकं एका ट्रंकेत होती, दुपारी ती निघायची. पाटी फुटली तेव्हा ताटात माती पसरून बोटाने लिहिलं, मग भिंतीवर गेरूने. शाई हिरड्याची, लेखणी बोरूची. इतिहासाचं पुस्तक स्वातंत्र्याच्या आधीच संपत होतं, पुढचा इतिहास तात्यांनी तोंडी सांगितला, आणि त्यात बाजारातल्या व्यापाऱ्यांनाही जागा होती.

हल्ली गंगापूर धरणाच्या बाजूला शहरातली माणसं जमिनी घेतात. दोघंही शिकलेली, चांगल्या नोकऱ्या सोडलेली, मुलांना शाळेत न घालणारी. त्यांतलं एक जोडपं गेल्या वर्षी माझ्याकडे आलं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की या म्हाताऱ्याच्या घरी हे सगळं साठ वर्षांपूर्वी झालंय. ती पोरगी खाली जमिनीवर बसली, मोबाइल उभा केला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही शाळेशिवाय कसे वाढलात ते सांगा ना." मी मोट सांगितली, शाई सांगितली, भरीत सांगितलं. ती फार खूश झाली. तिचा लहानगा अंगणात मातीत खेळत होता, छान पोरगा. ती माणसं चांगली आहेत आणि त्यांचं चुकतंय असं मला म्हणायचं नाही. पण ती गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी ताईचं सांगितलं नाही. ते इथे लिहितो.

ताई माझ्यासारखी नव्हती. मला पाढे यायचे, तिला सगळंच यायचं. ट्रंकेतली पुस्तकं तिची चार वर्षांत पाठ झाली. मग ती मिठाच्या पुडीचा कागद वाचायची, तेल्याकडून आलेला कागद वाचायची, एकच बातमी उलटून पालटून. गावच्या शाळेत नवे गुरुजी आले होते, तरुण, सडपातळ, सटाण्याकडचे. ते एकदा वाटेने जाताना पाणी प्यायला आले आणि भिंतीपुढे उभेच राहिले. भिंतीवर ताईने गेरूने पानभर मजकूर लिहिला होता, एकही ओळ वाकडी न जाता.

"हे कोणी लिहिलं?"

"आमच्या यमीनं," आई म्हणाली. "पुसायला सांगते. पाव्हणेरावळे येत्यात."

"पुसू नका हो," गुरुजी म्हणाले. ताईकडे वळून त्यांनी विचारलं, "कितवीत आहेस?"

"मळ्यात," ताई म्हणाली. ती तशी फटकळ होती.

त्यानंतर गुरुजी वरचेवर येऊ लागले, आणि एक दिवस त्यांनी तात्यांपुढे विषय काढला. यमुनेला सातवीच्या परीक्षेला बाहेरून बसवा. सातवी झाली की मास्तरणीच्या ट्रेनिंगला घेतात, नाशिकलाच, राहायची सोय आहे. ताई आत जात्यापाशी बसली होती. जातं थांबलं. आमच्या घरात जातं मध्येच थांबलं तर ते सगळ्यांना ऐकू यायचं.

तात्यांपुढे त्या दिवसांत दुसराही विषय होता. दिंडोरीच्या अलीकडे, पाच कोसांवर एक घर होतं, आमच्यातलंच, द्राक्षाची हौस करणारं. त्यांनी मार्गशीर्षात ताईला मागणी घातली होती. घर चांगलं होतं, माणसं चांगली होती, मुलगा कष्टाळू होता. नाही म्हणायला काही जागाच नव्हती, हीच अडचण. ताई आईला म्हणाली होती, "मला एवढ्यात नको." आई म्हणाली, "मग कव्हा?" त्याला ताईकडे उत्तर नव्हतं. आता उत्तर आलं होतं.

तात्या म्हणाले, "बसवा. पण माझ्या शिकवण्यावर. भाईरचं पुस्तक नाय, भाईरची शिकवणी नाय. पास झाली तर ट्रेनिंगला मी सोता पोचवीन. नापास झाली तर दिंडोरीकडं होकार. मग पुन्यांदा हा इषय काढायचा नाय. कुनीच."

"तात्या, परीक्षा बदलली आहे आता—"

"इचारा तिला काय इचारायचं ते."

गुरुजींनी विचारलं. ताईने जात्यापाशी बसूनच उत्तरं दिली, हाताचं पीठ झटकत. मणाचे शेर, शेरांचे छटाक, बिघ्याचे गुंठे, सगळं, मोटेवर बैल मागे यायच्या आत द्यावं तसं. गुरुजी हसले, पण मला ते हसणं अर्धं वाटलं.

दोन दिवसांनी मी बांधावर गवत कापत होतो. गुरुजी आले, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवीतून एक पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "किसन, हे ताईला दे. तात्यांना दिसू देऊ नको. भाषेची, इतिहासाची मला काळजी नाही. गणितात आता सगळं किलो, लिटर, मीटर आहे, आणि दशांश. तात्यांना ते सांगायची सोय नाही. ही खूण घातलेली पंधरा पानं तिने वाचली की झालं. पंधराच पानं."

मी पुस्तक कमरेला धोतरात खोचलं. गुरुजी गेल्यावर उघडलं. पहिल्याच खुणेच्या पानावर तराजूचं चित्र होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत किलोग्रॅम. आमच्या घरात तो शब्द म्हणजे शिवी. बैल अडला तर तात्या त्याला म्हणायचे, "किलोवाल्याचा हाय का रं तू?" मला वाटलं, तात्यांची पोरगी चोरून शिकून पास झाली असं उद्या कुणी म्हणेल. तात्यांच्या शिकवण्यात काही कमी नाही, ताई तशीच पास होणार, आणि मग बाजारातल्या त्या माणसाचं तोंड बंद होणार. हे मी तेव्हा अगदी मनापासून मानत होतो. तेरा वर्षांचा पोरगा जेवढं मानतो तेवढं पुढे कुणी काही मानत नाही. मी खताच्या खड्ड्यापाशी गेलो, पुस्तक खाली ठेवलं आणि त्यावर दोन पाट्या शेण टाकलं. मग पुन्हा गवत कापायला लागलो. हाताला काही वाटलं नाही.

गुरुजींनी पुढे दोनदा विचारलं. "वाचते का?"

"वाचती, गुरुजी," मी म्हणालो. दोन्ही वेळेला.

हे मी ताईला तोंडाने कधी सांगितलेलं नाही. ताई आहे अजून. तिचा नातू अंबडला कारखान्यात आहे, तिथून तो तिला रविवारचा पेपर आणून देतो, आणि ती चष्मा लावून तो जाहिरातींसकट वाचते. हेही वाचेल.

परीक्षेच्या दिवशी मी ताईला घेऊन नाशिकला गेलो. सकाळी निघालो, आईने भाकरी, ठेचा नि कांदा बांधून दिला. ताईने नवं लुगडं नेसलं होतं, घरच्या सुताचं, ते चालताना आवाज करायचं. तात्या वेशीपर्यंत आले. ते ताईला म्हणाले, "घाई करू नको. बैल खाली जाऊ दे, मग उत्तर दे." ताई हसली आणि तात्याही हसले. तात्यांना तसं हसताना मी नंतर फारसं पाहिलं नाही.

शाळेच्या आवारात पुष्कळ मुली होत्या, दोन वेण्या, चपला, टाकाच्या लेखण्या. ताईने बोरू आणि शाईची कुपी काढली तेव्हा एक जण म्हणाली, "अगं बाई, ही पोथी लिहायला आलीय की काय!"

"शाई घरची आहे," ताई म्हणाली. "वाळायला वेळ लागतो, एवढंच. तोवर मी विचार करते. तुम्ही काय करता?"

सगळ्या हसल्या, ती मुलगीसुद्धा. सकाळचा भाषेचा पेपर झाला आणि ताई तोंडभर आनंद घेऊन बाहेर आली. आम्ही कडुनिंबाखाली भाकरी खाल्ली. दुपारी गणित होतं. शेजारी तीच मुलगी बसली होती आणि तिचे वडील तिची उजळणी घेत होते. हजार ग्रॅम म्हणजे, शंभर सेंटिमीटर म्हणजे, दशांश चिन्ह एक घर सरकलं म्हणजे. ताईने घास तसाच हातात धरला.

"किसन, हे काय म्हणतायत?"

"काय की," मी म्हणालो. "त्यांच्या गावचं काय तरी असंल."

ती उठली, त्या मुलीजवळ गेली आणि तिने सरळ विचारलं. ती मुलगी चकित झाली. "किलो माहीत नाही तुला? हजार ग्रॅमचा एक किलो. आणि हजार—" तेवढ्यात घंटा झाली. वडिलांनी तिला दंडाला धरून उठवलं. ताई माझ्याकडे वळली. मला वाटतं ती मला विचारणार होती, पण मला काय माहीत असणार असं तिला वाटलं असेल. ती आत गेली.

मी पायरीवर बसलो. खिडकीतून तिची पाठ दिसत होती. तिने पेपर घेतला, नेहमीप्रमाणे कपाळाला लावला, आणि मग तिची मान कितीतरी वेळ खाली वाकलेलीच राहिली, हात हलेना. मला त्या पुस्तकातलं तराजूचं चित्र लख्ख आठवत होतं, पण त्या चित्राखाली काय लिहिलं होतं ते मी वाचलं नव्हतं. म्हणजे धावत जाऊन खिडकीतून ओरडलो असतो, तरी काय ओरडणार होतो? शिपायाने मला दोनदा उठवलं, मी दोनदा परत बसलो. शेवटी तो म्हणाला, "अरे, तुझी परीक्षा आहे का तिची? काय घाम फुटलाय तुला." अर्धा वेळ उलटल्यावर ताईचा हात हलू लागला, आणि मग थांबला नाही. त्याने मला आणखीच भीती वाटली.

परत येताना गोदावरीच्या पुलावर ती थांबली. खाली बाया कपडे धूत होत्या. "किसन," ती म्हणाली, "किलोचे शेर किती?"

"ठाऊक नाय."

"मी एकास एक धरला. किलो म्हणजे शेर, मीटर म्हणजे गज. मग सगळी गणितं सुटली. आणि आकड्यांच्या मध्ये बारीक ठिपके होते, ते कशाचे ते कळेना. ते मी सोडून दिले." थोडं चालून ती म्हणाली, "तात्यांना म्हण, पेपर बरा गेला."

वैशाख सरता सरता गुरुजी निकाल घेऊन आले. तात्या ओसरीवर बसून फाटलेल्या मोटेला ठिगळ शिवत होते. आई दारात, ताई तिच्या मागे, मी गोठ्याच्या खांबाला टेकून. गुरुजींनी चप्पल काढली नाही, तेव्हाच कळलं.

"भाषेत केंद्रात पहिली आहे," ते म्हणाले. "इतिहास, भूगोल, उत्तम. गणितात गेली. आणि गणितात गेलं की सगळ्यात गेलं."

तात्यांनी दाभण खाली ठेवलं. "गनितात? यमी?"

गुरुजी तात्यांकडे बघत नव्हते, ते ताईकडे बघत होते, आणि त्यांचा आवाज एकदम रडवा झाला. "अगं, सगळं होतं की त्यात! पंधरा पानं होती फक्त. तू वाचलं नाहीस का?" मग आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

ताईने गुरुजींकडे पाहिलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी खांब सोडला नाही. फार वेळ नाही पाहिलं तिने, पाण्याचा तांब्या भरायला लागतो तेवढाच वेळ. मग ती म्हणाली, "वाचलं, गुरुजी. सगळी पुस्तकं वाचली. माझ्याच ध्यानात राहिलं नाही."

तात्यांना ट्रंकेतलीच पुस्तकं वाटली. मी तेव्हा बोलायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. मीही साठ वर्षं स्वतःला म्हणतो आहे. पण मी बोललो असतो तर काय झालं असतं ते बघा. बाहेरचं पुस्तक घरात आलं होतं हे कळलं असतं. गुरुजींना त्या ओसरीवर पुन्हा पाय ठेवता आला नसता. ताई वाचलं म्हणाली होती, ती खोटी पडली असती किंवा शर्त मोडणारी ठरली असती. माझं तोंड उघडायच्या सगळ्या वाटा मीच त्या खड्ड्यात घातल्या होत्या. हे मी माफीसाठी लिहीत नाही. मला माफी मागायची सवय नाही. तसं होतं, एवढंच.

"ऑक्टोबरात पुन्हा बसता येतं," गुरुजी म्हणाले. "तात्या, तीन महिने मला द्या. फक्त गणित."

तात्यांनी ताईला पुढे बसवलं आणि म्हणाले, "पेपरात काय इचारलं हुतं? आठवतं?"

ताईला सगळं आठवत होतं. तिने एकेक गणित सांगितलं, किलोच्या जागी शेर आणि मीटरच्या जागी गज घालून, जसं तिने सोडवलं होतं तसं. तात्या डोळे मिटून मनात करायचे, मग ताईचं उत्तर ऐकायचे आणि मांडीवर हात मारायचे. "बरूबर! हेबी बरूबर!" पाच गणितं झाली, सहा झाली. "गुरुजी, एक तरी चुकलंय का? सांगा ना! माझी पोरगी नापास नाय. तुमचं सरकार नापास हाय!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी तात्यांच्या डोळ्यांत पाणी तेव्हाच पाहिलं. मला वाटलं, आता ते म्हणणार, ऑक्टोबरात बसव. आईलाही वाटलं असावं, कारण तिने पदराने तोंड पुसलं आणि एक पाऊल पुढे आली.

"अवो, मंग बसू द्या की पुन्यांदा. एवढं बरूबर हाय तर."

"बरूबर हाय म्हणून तर," तात्या म्हणाले. त्यांनी दाभण उचललं. "किलोवाल्यापुढं हात जोडून पास व्हायचं का तिनं? आन् मी शबूद दिलाय. ह्या गुरुजींच्या देखत दिलाय. बाजारात मापं बदलत्यात, माझ्या घरात शबूद बदलत नाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "किसन, उद्या दिंडोरीच्या वाटंला लाग. होकार सांगून ये."

तात्या वाईट माणूस नव्हते. चूक झाली असं मी म्हणतो, तात्या चुकले असं म्हणत नाही, आणि यातला फरक मला कुणी समजावून सांगू नये. गुरुजी निघून गेले, पाणीही न पिता. ताई उठली, आईच्या हातातली परात घेतली आणि पीठ मळायला बसली. त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही, असं नाही. भाकरी वाढताना तिने विचारलं, "अजून एक देऊ?" आणि मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी निघालो. आईने माझ्या डोक्याला तेल लावलं, शुभ निरोप घेऊन जाणारा म्हणून. पाच कोस मी कुठेही थांबलो नाही. वाटेत मनात आलं की निरोप बदलून सांगावा, नाही म्हणून सांगावं. पण मग तात्या स्वतः येतील आणि होकार देऊन जातील, हेही दिसत होतं. त्यांच्या ओसरीवर मुलाचे आजोबा बसले होते, कानाने अधू. मी म्हणालो, "तात्यांनी होकार कळवलाय."

"काय?"

"होकार कळवलाय!"

"आरं, मोठ्यानं बोल की पोरा, चांगली गोष्ट हाय!"

मी इतक्या मोठ्याने ओरडलो की शेजारची माणसं दारात आली. मुलाची आई आतून हसत आली, मला पाट दिला आणि म्हणाली, "पोरगी लिहिती-वाचती हाय म्हणत्यात. खरं का रं?"

"हां," मी म्हणालो. "लय."

"मंग बरं झालं बाई. आमच्यात पत्र आलं तर वाचायला कुनी नाय." तिने माझ्या हातावर गुळाचा मोठा खडा ठेवला. तो विकतचा गूळ होता, पिवळाधमक. मी तो त्यांच्यासमोर बसून सगळा खाल्ला, वर तांब्याभर पाणी प्यालो, आणि ऊन चढायच्या आत परत निघालो.